दमाचा हिशेब: बॉक्सिंग सिम्युलेशन गेममध्ये लढत आखायची कशी

विहिरीच्या पाण्यावर शेती असलेल्या खानदेशातल्या घरात मोटर किती वेळ चालवायची हे घड्याळ पाहून ठरत नाही. तासाला किती पाणी उपसलं जातं आणि रात्रभरात किती पाझरतं, यावर ते ठरतं. मोटर सुरू केल्यावर पहिला तासभर धार जोरात पडते, तेवढ्यावर विसंबणाऱ्याची चैत्रात फजिती होते. बॉक्सिंग सिम्युलेशन गेममधली स्टॅमिनाची पट्टी अशीच विहीर आहे. पहिल्या दोन राउंडमध्ये ती भरलेली दिसते, ठोसे सपासप बसतात, शेजारी बसलेला दोस्त "हाण भो, हाण!" म्हणत असतो, आणि सातव्या राउंडला आपला बॉक्सर हात खाली टाकून उभा राहतो.

हे मार्गदर्शन तीन प्रकारच्या गेमना लागू पडतं. ‘अनडिस्प्युटेड’सारखा आजचा गेम, २०११ चा पण अजून घराघरांत जुन्या कन्सोलवर चालणारा ‘फाइट नाइट चॅम्पियन’, आणि मजकुरावर चालणारे सिम, ज्यांत ठोसा तुम्ही मारत नाही, फक्त आराखडा लिहून देता आणि लढत संगणक खेळवतो. प्रत्येकाची बटणं वेगळी, म्हणून इथे बटणं सांगितलेली नाहीत. हिशेबाची रीत मात्र तिन्हीकडे एकच. आणखी एक, पंच म्हणजे मराठीत निकाल देणारा माणूस. म्हणून खाली ठोशाला ठोसाच म्हटलं आहे.

दम दोन थरांत असतो

बहुतेक सिममध्ये दम दोन आकड्यांत चालतो. पहिला चालू दम, म्हणजे पट्टीत आत्ता दिसतो तो. ठोसा मारला की उतरतो, थांबलं की चढतो. दुसरा कमाल दम, म्हणजे पट्टी जास्तीत जास्त जिथवर भरू शकते ती रेघ. ही रेघ लढतभर हळूहळू खाली येते आणि सहसा परत वर जात नाही. चालू दम म्हणजे विहिरीतलं पाणी, कमाल दम म्हणजे भूजलाची पातळी. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. रात्रभर मोटर बंद ठेवली तरी पातळीच खाली गेली असेल तर सकाळी विहीर पूर्वीइतकी भरत नाही.

नव्या खेळाडूचं लक्ष फक्त पहिल्या आकड्यावर असतं. दोन राउंडमधल्या विश्रांतीत पट्टी भरताना दिसली की त्याला वाटतं सगळं ठीक आहे. ती कुठपर्यंत भरली हे पाहायचं असतं. पाचव्या राउंडच्या घंटेला पट्टीचं टोक आधीपेक्षा बोटभर अलीकडे थांबलं असेल, तर आराखडा तिथेच बदलायला हवा. आठव्या राउंडला कळून काही उपयोग नाही.

आधी मोजणी, मग आराखडा

सराव मोड उघडा. समोरचा बॉक्सर सगळ्यात सोप्या पातळीवर ठेवा, किंवा दुसरा कंट्रोलर जोडून तसाच पडू द्या, म्हणजे तो हलणार नाही. राउंडची लांबी पूर्ण ३ मिनिटं ठेवा. पुष्कळ गेममध्ये ती आपोआप कमी धरलेली असते आणि मग सगळे आकडे फसवे येतात.

पट्टीवर आकडे नसतील तर स्क्रीन रेकॉर्ड करा, चित्र थांबवा आणि पट्टीची लांबी पिक्सेलमध्ये मोजा. पट्टी २०० पिक्सेलची असेल तर २ पिक्सेल म्हणजे १ टक्का. टीव्हीवर खेळत असाल तर आलेखाच्या कागदाची एक पट्टी कापून काचेच्या कडेला चिकटवा, तेवढंही पुरतं. मग एकेक चाचणी, प्रत्येक वेळी दम पूर्ण भरल्यावर: २० जॅब (पुढच्या हाताचे सरळ, हलके ठोसे) हवेत, २० जॅब अंगावर, १० जोरदार हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेले ठोसे) हवेत, १० जोरदार हुक अंगावर. त्यानंतर पट्टी निम्मी करून भरपाईची चाचणी: गार्ड (तोंडापुढे धरलेले हात) खाली ठेवून १० सेकंद स्थिर उभं राहा, मग गार्ड वर धरून १० सेकंद, मग मागे सरकत १० सेकंद. शेवटी कोपऱ्यातल्या एका मिनिटाच्या विश्रांतीत किती भरतं ते.

एकूण आठ आकडे. प्रत्येक चाचणी तीनदा करून सरासरी घ्या. गेमला नवा अपडेट आला की हे आकडे जुने झाले असं समजा. दमाच्या गणितात बदल करणं हा गेम बनवणाऱ्यांचा आवडता उद्योग आहे.

मोजताना बहुतेकांची चूक एकच होते: जॅब भरभर मारले जातात. एकापाठोपाठ एक ठोसे मारल्यावर प्रत्येक पुढचा ठोसा महाग धरणारे गेम आहेत. म्हणून दीड सेकंदाला एक अशा ठेक्यात मारा, आणि सलग मारण्याची चाचणी वेगळी करा. दोन्हींत फरक निघाला तर तुमच्या गेममध्ये लांबलचक कॉम्बोला दंड आहे. मग तीन ठोशांच्या पुढे जायचं नाही, एवढा नियम पक्का करून टाका.

१८० सेकंदांचं अंदाजपत्रक

समजा चाचणीतून असे आकडे आले: लागलेला जॅब ०.५ टक्के, हुकलेला १. लागलेला जोरदार हुक २, हुकलेला ४. भरपाई सेकंदाला ०.४. कोपऱ्यात २०. (हे आकडे रीत दाखवण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा.)

एका राउंडमध्ये तुम्ही ३० जॅब मारले, निम्मे लागले. खर्च ७.५ आणि १५, मिळून २२.५. दहा हुक मारले, सहा लागले, चार हुकले. १२ आणि १६, मिळून २८. एकूण ५०.५. राउंडमध्ये खरी उसंत साठ सेकंद मिळाली, म्हणजे २४ परत आले. घंटेला पट्टी ७३.५ वर. कोपऱ्यात २० भरले, पुढचा राउंड ९३.५ वर सुरू.

दर राउंडला ६.५ ची तूट दिसायला क्षुल्लक आहे. पण बाराव्या राउंडच्या सुरुवातीला शिल्लक राहते २८.५, आणि त्या राउंडच्या शेवटी २. तेही थकल्यावर ठोसा मंदावतो आणि जास्त हुकतो हे धरलेलं नाही, शिवाय तुम्हाला अंगावर काहीच लागलं नाही असं मानलं आहे. म्हणजे कागदावर जेमतेम पुरणारा हा आराखडा प्रत्यक्षात नवव्या-दहाव्या राउंडला कोरडा पडणार.

आता एकच बदल करा. दहा हुकांऐवजी सात मारा, आणि तेही समोरच्याचा ठोसा हुकल्यावर किंवा तो दोरांना टेकल्यावरच. त्यातले तेच सहा लागले, एक हुकला. हुकांचा खर्च २८ वरून १६ वर आला, राउंडचा एकूण खर्च ३८.५. घंटेला पट्टी ८५.५. कोपऱ्यात ती पूर्ण भरते. समोरच्याला लागलेले ठोसे दोन्ही वेळा तेवढेच, पण पहिल्या आराखड्यात विहीर आटते आणि दुसऱ्यात ती रोज सकाळी काठोकाठ. गळती होती ती तीन हुकलेल्या हुकांची.

इथे एक बारीक गोष्ट अनुभवी खेळाडूंच्याही नजरेतून सुटते. ८५.५ वर २० भरले तर १०५.५ व्हायला हवेत, पण पट्टी १०० ला थांबते. साडेपाच टक्के दम ओसंडून वाया गेला. याचा अर्थ, कोपऱ्यात २० मिळत असतील तर घंटेच्या वेळी कमाल रेघेपेक्षा निदान २० नी खाली असायला हवं. शेवटच्या १५ सेकंदांत पट्टी त्याहून वर असेल तर तेवढा दम फुकट आहे, तो खर्चून टाका. वरच्या हिशेबात तो साधारण सात जॅबचा आहे. राउंडच्या मध्यात तेच सात जॅब मारले तर उरलेल्या वेळात उत्तर द्यायला दम कमी पडू शकतो. घंटेच्या तोंडावर ती भीती नसते.

जॅब म्हणजे ठिबक आणि हुक म्हणजे पाटाचं पाणी, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

बारा नव्हे, सात राउंड जिंका

आपल्याकडे यात्रेतली कुस्ती बघून मोठा झालेला माणूस लढत म्हणजे निकालीच समजतो. पाठ लागली तर जिंकला, नाही तर बरोबरी. तीच सवय घेऊन तो गेममध्ये नॉकआउटच्या मागे पळतो. व्यावसायिक बॉक्सिंगची गुणपद्धत वेगळी आहे. राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला सहसा ९. हरणारा त्या राउंडमध्ये एकदा खाली पडला असेल तर सहसा १०-८. बारापैकी सात राउंड जिंकले की कार्ड ११५-११३ होतं आणि लढत तुमची. सहाच जिंकले, पण त्यांतल्या एकात समोरच्याला एकदा पाडलं, तर ११४-११३. म्हणजे एका नॉकडाउनची किंमत एक राउंड.

म्हणून लढतीआधीच ठरवा, कोणते राउंड सोडायचे. ‘सोडायचे’ म्हणजे मार खायचा असं नाही. गार्ड वर, पाय हलते, जॅब मोजके, आणि पट्टी भरू द्यायची. साधारणपणे पहिला राउंड समोरच्याला ओळखण्यात जातो, तो गेला तरी चालतो. एक राउंड मध्ये कुठेतरी, ज्यात तो सगळ्यात जोरात असेल. एक राउंड तुम्हाला जोराचा फटका बसला तर सावरायला. पाचापर्यंत सोडता येतात, पण ठरवताना तीनच धरा. उरलेले दोन आपोआप जातात.

गेममध्ये राउंड तीनच असतील, जसे ऑलिंपिकच्या हौशी लढतीत असतात, तर हा सगळा विचार उलटा. तिथे तिसऱ्या राउंडनंतर उरलेला दम घरी नेता येत नाही. एकही राउंड सोडायचा नाही, पट्टी शेवटच्या घंटेला तळाला गेली पाहिजे.

गुणांत पुढे असताना काय करू नये याचं उदाहरण इतिहासात आहे. १८ जून १९४१ ला न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन हा वजनाने बराच हलका बॉक्सर हेवीवेट विजेत्या जो लुईविरुद्ध बारा राउंडनंतर तीनपैकी दोन पंचांच्या कार्डांवर पुढे होता. लढत पंधराची होती. तेराव्यात तो नॉकआउट करायला पुढे सरसावला आणि राउंड संपायला दोन सेकंद असताना स्वतःच बाद झाला. गेममध्ये हाच प्रकार अकराव्या राउंडला घडतो: कार्डावर तीन राउंडची आघाडी, समोरचा डळमळलेला, आणि खेळाडूचा अंगठा जोराच्या बटणावरून उठत नाही.

पोटातले ठोसे

समोरच्याची कमाल रेघ खाली आणण्याचा बहुतेक सिममधला खात्रीचा मार्ग म्हणजे पोट आणि बरगड्या. समजा पोटातला एक स्वच्छ हुक त्याची रेघ अर्ध्या टक्क्याने उतरवतो. राउंडला आठ बसले तर पाच राउंडमध्ये चाळीस ठोसे, वीस टक्के. सहाव्या राउंडला तो ८० च्या वर भरूच शकत नाही. याचं फळ पहिल्या दोन राउंडमध्ये अजिबात दिसत नाही, म्हणून लोक सोडून देतात. सोडायचं असेल तर सुरूच करू नका. दोन राउंड पोटात मारून मग डोक्याकडे वळणं म्हणजे खर्च तेवढा झाला आणि पीक हाती आलं नाही.

पोटात मारताना स्वतःचं डोकं उघडं पडतं, आणि तिथे अपरकट (खालून वर येणारा ठोसा) येतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी डोक्याकडे दोन जॅब, त्याने समोरच्याचे हात वर जातात. मग एक पाऊल आत आणि डावा हुक बरगडीत. लगेच बाहेर, किंवा डोकं बाजूला. आत राहून दुसरा हुक मारायचा मोह होतो, तो नेमका महागात पडतो. लांबून थेट पोटातल्या हुकने सुरुवात कधीच करू नका. अंतर पुरत नाही, ठोसा हुकतो, आणि हुकल्याचा दुप्पट खर्च वर आलाच आहे. हात आखूड असेल तर पोटातला जॅब वापरा. त्याने रेघ कमी उतरते, पण तो स्वस्त असतो.

जर-तरची यादी

‘पहिले तीन राउंड जपून, मग आक्रमण’ असा राउंडनिहाय आराखडा लिहायला सोपा असतो आणि चौथ्या राउंडला समोरचा वेगळंच काही करायला लागला की कोसळतो. अटींवर लिहा. हाताने खेळायच्या गेममध्ये यादी डोक्यात ठेवायची, मजकुरी सिममध्ये ती आधीच भरून द्यायची. नमुना असा:

१. डळमळलो असेन, तर क्लिंच (समोरच्याला मिठीत धरून ठेवणं) किंवा पूर्ण बचाव.
२. माझा दम ३५ च्या खाली, तर फक्त जॅब आणि पाय.
३. त्याचा दम २५ च्या खाली आणि माझा ५० च्या वर, तर जोर.
४. नववा राउंड उलटला आणि मी गुणांत मागे, तर आक्रमण.
५. बाकी सगळ्या वेळी नेहमीचा आराखडा.

पस्तीसचा आकडा हवेतून आलेला नाही. वरच्या पहिल्या हिशेबात एका राउंडची निव्वळ घट २६.५ होती, त्यावर आठ-नऊ टक्के राखीव. तुमची घट वेगळी असेल तर हा आकडाही वेगळा.

यादी वरून खाली वाचणाऱ्या गेममध्ये पहिली लागू पडणारी अट चालते आणि खालच्या वाचल्याच जात नाहीत. म्हणून चौथी अट दुसऱ्या जागी ठेवली की दहाव्या राउंडला दहा टक्के दमावर बॉक्सर मागे आहे म्हणून धावून जातो आणि झोपतो. मजकुरी गेममध्ये ‘माझा बॉक्सर वेड्यासारखा का वागला’ याचं उत्तर बहुतेकदा अटींच्या क्रमातच सापडतं. काही गेममध्ये दर राउंडला ठरावीक गुण आक्रमण, जोर आणि बचाव यांत वाटायचे असतात. समजा वीस आहेत आणि न वाटलेले विश्रांतीत जातात. मग नेहमीचं वाटप ६-५-९ असेल तर थकल्यावरचं ४-१-१० ठेवा, पाच मोकळे सोडा. थकल्यावर वीसच्या वीस बचावात घालणं चूक. राउंड तर जातोच, आणि दमही परत येत नाही.

तिसऱ्या अटीतल्या ‘जोर’ला लगाम लागतो. समोरचा डळमळला की सहा ते आठ ठोसे, आणि सलग दोन हुकले की तिथेच थांबून एक पाऊल मागे. आठ जोरदार ठोशांतले चार हुकले तर २४ टक्के गेले, म्हणजे जवळपास एका राउंडची घट दहा सेकंदांत.

समोर कोण आहे

जोरकस पण मंद बॉक्सर असेल तर त्याला हुकवत राहा. त्याची विहीर तोच उपसतो. लांब हाताचा आणि दूर राहून खेळणारा असेल तर मोकळ्या जागेत पाठलाग करू नका, तिरकं चालून त्याला कोपऱ्याकडे न्या. डावखुऱ्यासमोर आपलं पुढचं पाऊल त्याच्या पुढच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा, मग सरळ उजवा ठोसा मोकळा मिळतो. काउंटरवाल्यासमोर, म्हणजे तुमच्या ठोशावर लगेच उलट ठोसा मारणाऱ्यासमोर, जॅबचा ठेका सतत बदला, एवढं पुरे.

खरी अडचण अंगावर येत राहणाऱ्याची. तो दम बेसुमार खर्चत असतो, त्यामुळे थांबून राहावं असं वाटतं, आणि इथेच मुहम्मद अली-जॉर्ज फोरमन लढतीचं नाव निघतं. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा. अलीने दोरांना टेकून फोरमनला मारू दिलं आणि आठव्या राउंडला त्याला पाडलं. गेममध्ये ही युक्ती चालेल की नाही हे दोन आकड्यांवर अवलंबून आहे: अडवलेल्या ठोशाने मारणाऱ्याचा किती दम जातो, आणि अडवणाऱ्याचा किती. सराव मोडमध्ये दोन कंट्रोलर घेऊन मोजा. अडवणाऱ्याची घट मारणाऱ्याच्या निम्म्याहून जास्त असेल, किंवा काही ठोशांनंतर गार्ड फुटत असेल, तर दोरांकडे जाऊच नका. त्याऐवजी जॅब, एक पाऊल बाजूला, पुन्हा जॅब. तो सरळ रेषेत आला की क्लिंच. क्लिंचमध्ये दोघांचाही दम भरत असेल तर तो तुमच्यापेक्षा त्याच्या कामाचा, म्हणून फक्त डळमळल्यावर वापरा. उगाच धरून ठेवलं की रेफरी ताकीद देतो, आणि प्रत्यक्ष बॉक्सिंगमध्ये गुणही कापला जातो.

मे महिना, लाईट आणि नेट

भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळीसकडे गेला की लॅपटॉपही धापा टाकतो. प्रोसेसर तापला की वेग आपोआप उतरतो. ६० फ्रेमचे ३० झाले की एक फ्रेम १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंदांची होते, आणि ब्लॉक उशिरा लागतो. खेळाडूला वाटतं, आपला हात बिघडला. ग्राफिक्स कमी करून ६० फ्रेमवर कुलूप लावा, लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवा, आणि महत्त्वाच्या लढती पहाटे किंवा रात्री दहानंतर खेळा. दुपारी मोजलेले काउंटरचे आकडे रात्री लागू पडत नाहीत.

ऑनलाइन लढतीत सर्व्हर दूरचा असेल आणि पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या वर जात असेल तर काउंटरवर आराखडा बांधू नका, समोरचा ठोसा दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. त्या दिवशी जॅब आणि अंतर. वायफायऐवजी केबल लावा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. पुष्कळ गेममध्ये लाईट गेल्याने तुटलेली लढत हार म्हणून लिहिली जाते, मग तुम्ही कार्डावर कितीही पुढे असा.

लढतीनंतरची नोंद

वहीत दर राउंडला तीन आकडे: घंटेच्या वेळचा दम, कोपऱ्यातून उठताना पट्टी जिथवर भरली ती रेघ, आणि हुकलेले जोरदार ठोसे. शेवटचा आकडा गेम दाखवत नसेल तर रेकॉर्डिंग पाहून मोजा. दहा लढतींनंतर वहीत दिसेल की तुम्ही कोणत्या राउंडला घसरता. बहुतेकांच्या बाबतीत तो राउंड समोरच्याला पहिल्यांदा पाडल्यानंतरचा असतो. तसं निघालं तर यादीत सहावी अट घाला आणि तिला पहिल्या दोन अटींच्या लगेच खाली बसवा: नॉकडाउननंतरच्या राउंडमध्ये पहिली ६० सेकंद फक्त जॅब.